मोरपंखी साक्षगंध

चॉकलेटला रंग द्यायचा तर तो तेलातला लागतो, पाण्यातला चालत नाही, एवढं एकच वाक्य गुंजननं आपल्या वडलांना दोनदा सांगितलं होतं. मधुकरराव गिऱ्हेपुंजे यांनी ते दोन्ही वेळा नीट ऐकलं आणि दोन्ही वेळा त्यांना राग आला. पहिल्यांदा आला तो रंगाचा. रंगासारख्या रंगानं एवढे नखरे करायचं कारणच काय? दुसऱ्यांदा आला तो एकच गोष्ट आपल्याला दुसऱ्यांदा सांगावी लागते असं पोरीला वाटलं, याचा.

सरकारी कचेरीत उभा जन्म काढलेल्या माणसाच्या रागालाही एक शिस्त असते. मधुकररावांकडे रागाचे तीन प्रकार होते: नेहमीचा, तातडीचा आणि प्रलंबित. वरणात मीठ कमी, हा नेहमीचा. गॅसवाला दारात न थांबता पुढे गेला, हा तातडीचा. या दोन्हींचा निपटारा ते त्याच दिवशी करून टाकत, शिल्लक ठेवत नसत. प्रलंबित राग मात्र एकच होता, तो लग्नापासून चालत आलेला होता, आणि त्याचं नाव भैय्यालाल.

भैय्यालाल म्हणजे त्यांचे साडभाऊ. बायको चंद्रकलाबाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान, भंडाऱ्याला धानाची दलाली करणारे. ज्याला धान घ्यायचं त्याला विकणारा आणि ज्याला विकायचं त्याला घेणारा गाठून द्यायचा, हा त्यांचा धंदा. त्याच सवयीनं ते सोयरिकीही जुळवत. वाईट बोलायचं असलं की आधी "राग नका मानू" म्हणत, आणि एकदा तेवढं म्हटलं की पुढचं सगळं माफ, अशी त्यांची समजूत होती. मधुकररावांच्या मते या माणसानं आयुष्यात जितक्यांदा "राग नका मानू" म्हटलं, तितक्यांदा तोंड धुतलं असतं तर समाजाचं भलं झालं असतं.

तर गुंजनची सोयरीक याच भैय्यालालनी जुळवली. साकोलीकडचं एकोडी गाव, घरचं धान, मुलगा भूपेंद्र शांत आणि शिकलेला. सगळं जमलं. अडलं ते एका ठिकाणी. गुंजन घरीच केक आणि चॉकलेटं करायची. त्यांच्या वरठी गावात कोणाच्या पोराचा वाढदिवस असला, तिथल्या पोलाद कारखान्यातल्या कोणा साहेबाचा निरोप समारंभ असला, की डबे तिच्याकडून जात. लग्नानंतरही हे काम सोडणार नाही, असं तिनं मुलीच्या पाहणीतच सांगून टाकलं. चहाचे कप तिथल्या तिथे थांबले. मधुकररावांना वाटलं, गेली सोयरीक.

पण मुलाची आई रत्नमालाबाई ही काही कप आपटून उठणारी बाई नव्हती. घरचा सगळा कारभार त्यांच्या पदराला बांधलेला. त्या म्हणाल्या, आमच्या इथं मागची खोली रिकामीच आहे. साक्षगंधाले तुझ्या हातचं चॉकलेट आमच्या पाहुण्यांले खाऊ घाल. आमच्या गोतात नाव झालं तर खोली तुझी. नाही झालं, तर हा नाद वरठीलेच ठेवून एकोडीले यायचं. मंजूर? गुंजननं मान हलवली. मग बाईंनी वर एक बारीक अट जोडली: साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, साडी आपण मोरपंखी घेतली आहे, चॉकलेटही मोरपंखीच पाहिजे. आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी साडीच्या काठाचा बोटभर तुकडा कागदात गुंडाळून पाठवला. धानाचा नमुना पाठवतात तसा.

पाहणीच्याच दिवशी, पाहुणे गेल्यावर, भैय्यालालनी सुपारी कातरता कातरता म्हटलं, "राग नका मानू मधुकरराव, पन नागपूरवरून तयार डबे आनून टाका. पोट्टीच्या हातचं चॉकलेट म्हंजे घरातल्या घरात ठीक आहे. चार मानसांत नाक कापन ते."

आतापर्यंत मधुकररावांचंही मत जवळपास हेच होतं. साहेबासमोर बसलेल्या माणसाची मुलगी चॉकलेट विकते, हे त्यांना आवडत नसे. कोणी विचारलं तर ते "तिचा क्लास चालू आहे" एवढंच सांगत, कसला ते सांगत नसत. पण तेच मत भैय्यालालच्या तोंडून बाहेर पडल्याबरोबर ते त्यांना परकं वाटायला लागलं. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या अभावी बनियनला पुसला आणि जाहीर केलं की साक्षगंधात चॉकलेट घरचंच वाटलं जाईल, मोरपंखीच असेल, आणि रंगाची जबाबदारी आपली.

"बाबा, रंगाचं राहू द्या," गुंजन म्हणाली. "मी मागवतो ऑनलाइन."

पण एकदा शब्द गेला तो गेला.

भंडाऱ्याच्या बाजारात किराण्याच्या दुकानदारानं त्यांना हिरव्या रंगाची बाटली काढून दिली. तेलातला आहे का, असं मधुकररावांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, साहेब, आजवर या रंगात अख्ख्या जिल्ह्याची बर्फी झाली, कोणी तेल विचारलं नाही. मोरपंखी नव्हता, पण मोरपंखी म्हणजे शेवटी हिरव्यातलाच एक, असं दोघांचं ठरलं. चॉकलेटची लादी त्यांनी स्वतः निवडली. चांगली काळीकुट्ट. चॉकलेट म्हणजे काळं, ही गोष्ट त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

घरी गुंजननं ती लादी पाहिली आणि कपाळावर हात मारला. काळ्यावर रंग कसा चढेल, बाबा? पांढरं लागते. मधुकरराव पुन्हा भंडाऱ्याला गेले. जाताना राग तातडीचा होता, येताना त्यात उन्हाचा मिळून दुप्पट झाला होता. पांढरी लादी त्यांनी ओट्यावर अशी आपटली की शेजारच्या कुंताबाई भिंतीवरून डोकावल्या.

गुंजननं चॉकलेट वितळायला ठेवलं. गरम पाण्यानं भरलेल्या गंजावर दुसरं भांडं, त्यात पांढऱ्या वड्या, वरून सावकाश हलवणं. वड्या विरघळल्या, दुधाच्या सायीसारखं चकचकीत झालं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. एकोडीचा होता, त्यामुळे ती तो घेऊन फाटकापर्यंत गेली आणि फाटकाशीच रमली. मधुकरराव एकटेच त्या भांड्यासमोर उभे राहिले. हातात बाटली होती, समोर चॉकलेट होतं, आणि अडवणारं कोणी नव्हतं. अख्ख्या नोकरीत असा योग त्यांना कधी आला नव्हता.

त्यांनी बाटली उपडी केली.

पुढे जे झालं त्यावर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. पातळ गोष्टीत पातळ गोष्ट घातली तर ती आणखी पातळ होते, हा सृष्टीचा नियम. इथे उलट. चकचकीत चॉकलेट एकदम आक्रसलं, खरखरीत झालं, चमच्याला चिकटून वर उचललं गेलं. बघता बघता धानाच्या रोवणीच्या बांधीतला चिखल उन्हात वाळावा तसं एक हिरवं ढेकूळ भांड्यात बसलं. मधुकररावांनी ते चमच्यानं ढकललं. ते हललं नाही. चमचाच वाकला.

गुंजन परत आली, तिनं भांड्यात पाहिलं, मग वडलांकडे. ती काही बोलली नाही. मधुकररावांना बोलणं चाललं असतं.

बोलल्या त्या चंद्रकलाबाई. तुमाले कोनी सांगतलं होतं, इथपासून सुरुवात करून त्या लग्नाच्या वर्षापर्यंत मागे गेल्या आणि तिथून एकेक वर्ष पुढे येऊ लागल्या. तेवढ्यात कुंताबाई भिंतीला वळसा घालून थेट स्वयंपाकघरात. कुंताबाईंचे यजमान पोलादाच्या कारखान्यात फोरमन होते, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू वितळवण्याच्या बाबतीत आपल्याला अधिकार आहे, असं त्या मानत. त्यांनी ढेकूळ बोटानं दाबून पाहिलं, वास घेतला आणि निदान केलं.

"तेलातला रंग पायजे होता म्हनता ना? मंग आता रंग पडलाच आहे, तर तेल टाका. तेल बी पडलं, रंग बी पडला. फरक काय राह्यला भाऊजी?"

मधुकररावांना हा युक्तिवाद कायदेशीरदृष्ट्या बिनतोड वाटला. कागद आधी लागला काय आणि नंतर लागला काय, फाइलीत असल्याशी मतलब. गुंजन म्हणत राहिली की असं होत नाही, रंग मुळातच तेलात घोटलेला असावा लागतो. पण तोवर कुंताबाई घरून बाटली घेऊन आल्या होत्या. आमच्या भागात तेल म्हटलं की मागच्या पिढीला एकच तेल सुचतं, आणि ते जवसाचं. घाण्याचं, कडक वासाचं, ताजं.

तेल पडलं. ढेकूळ थोडं सैलावलं, हे कबूल करावं लागेल. पण सैलावून झालं काय, तर हिरवा, तेलकट, मध्ये गडद ठिपके असलेला एक लपका, आणि घरभर जवसाच्या चटणीचा वास. कुंताबाई म्हणाल्या, खायले चांगलंच असन. आणि घरी निघून गेल्या. सल्ला देणाऱ्यांचं हे एक बरं असतं, त्यांना भांडं घासावं लागत नाही. चंद्रकलाबाईंना अन्न टाकता येत नसे, म्हणून तो लपका स्टीलच्या डब्यात भरून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात गेला. मधुकररावांनी त्या डब्याकडे पाहणं बंद केलं.

शेवटी गुंजननं तेलातला निळा रंग ऑनलाइन मागवला. आली असती बाटली दारात, पण ती द्रव होती, तेलकट होती आणि वाटेत कुठेतरी पाझरली होती. कुरिअरच्या भंडाऱ्याच्या शाखेतून फोन आला की पार्सल ओलं झालं आहे, घरपोच देता येणार नाही, येऊन पाहून घेऊन जा, नाहीतर आजच परत पाठवतो. त्या दिवशी मायलेकी नेमक्या नागपूरला बांगड्या आणि ब्लाउजच्या मागे गेलेल्या. मधुकररावांनी मोटरसायकल काढली.

शाखा म्हणजे एक शटर, एक वजनकाटा आणि काउंटरमागे निकेश नावाचा तरुण. मधुकररावांनी नाव सांगितलं. निकेशनं त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि अत्यंत नम्रपणे खुर्ची दिली. पार्सल समोरच होतं, एका कोपऱ्यावर निळा डाग पडलेलं. पण ते गुंजनच्या नावावर. तिच्या फोनवर नंबर जाईल, तो सांगा, असं निकेश म्हणाला. गुंजनचा फोन लागत होता, उचलला जात नव्हता. ब्लाउजच्या दुकानात बाईमाणसाचा फोन पर्समध्ये असतो आणि पर्स आईकडे असते. मधुकररावांनी आधार कार्ड दाखवलं, मतदान कार्ड दाखवलं, पेन्शनचं पासबुक दाखवलं. मी तिचा बाप आहे, हे तीन वेगवेगळ्या आवाजांत सांगितलं.

"तुमी तिचे बाबा आहा, ते मले मान्य आहे काका," निकेश म्हणाला. "पन मान्य करनं वेगळं, पार्सल देनं वेगळं. मी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तुमच्या टेबलापुढे उभा होतो, तवा तुमीच सांगतलं होतं. मानूस खरा असून काय कामाचा, कागद खरा पायजे."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. हेच वाईट. टोमणा असता तर मधुकररावांना उत्तर देता आलं असतं. त्यांचेच शब्द त्यांना परत मिळत होते, न चुरगळलेले, जसेच्या तसे. अर्ज करा, मग देतो, असं निकेश म्हणाला आणि एक कोरा कागद पुढे केला.

अर्ज ही गोष्ट मधुकररावांना शिकवायची नव्हती. त्यांनी "महोदय" पासून "आपला विश्वासू" पर्यंत असा अर्ज लिहिला की एखाद्या विभागीय आयुक्तानं तो फ्रेम करून लावावा. विषय अधोरेखित, संदर्भ वेगळ्या ओळीत, समास सरळ. निकेशनं तो वाचला, मान डोलावली, पुन्हा वाचला आणि परत केला.

"तारीख राह्यली काका."

जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जावर ही एकच गोष्ट आधी पाहणारा माणूस त्या कागदाकडे पाहत राहिला. राग कोणावर काढावा हे त्यांना कळेना, आणि ज्या रागाला पत्ता नसतो तो परत आपल्याच दारी येतो. त्यांनी तारीख घातली. पार्सल मिळालं. निकेशनं शटरपर्यंत येऊन त्यांना नमस्कार केला, आणि तो नमस्कार वरठी येईपर्यंत त्यांना टोचत होता.

साक्षगंधाच्या आदल्या संध्याकाळी गुंजननं पुन्हा पांढरं चॉकलेट वितळवलं. या खेपेला मधुकररावांना दारापासून आत यायची बंदी होती; ते उंबरठ्यावर खुर्ची टाकून बसले, म्हणजे नियमभंग होत नव्हता आणि देखरेखही होत होती. गुंजननं बाटली चांगली हलवली. रंग तेलात खाली बसतो, तो आधी उठवावा लागतो, असं ती स्वतःशीच म्हणाली. मग मोजून काही थेंब. या रंगात चॉकलेट आक्रसलं नाही, फाटलं नाही. लोण्यासारखं मऊ राहिलं आणि रंग त्यात असा विरघळत गेला की मधुकरराव खुर्चीवरून उठले.

पण रंग मोरपंखी नव्हता. पांढरं चॉकलेट म्हणजे खरं तर पिवळसर. त्यात निळा पडला की तो हिरव्याकडे झुकतो. भांड्यात तयार झाला होता तो पऱ्ह्यांचा, म्हणजे धानाच्या रोपांचा रंग, रोवणीच्या आधी बांधीत दिसतो तो कोवळा, पोपटी.

"मुरू द्यायचा असते," गुंजन म्हणाली. "उद्यापर्यंत गडद होते, बाबा. घाई नोका करू."

ती साच्यांचे ट्रे पुसायला मागे गेली. आणि नेमके त्याच वेळी भैय्यालाल आले. साक्षगंधाची व्यवस्था पाहायला आले होते. जोडणी त्यांची, म्हणून व्यवस्थाही त्यांचीच. सरळ स्वयंपाकघरात शिरून त्यांनी भांड्यात डोकावलं.

"राग नका मानू मधुकरराव," ते म्हणाले, "पन हे तर पालकाची भाजी झाली."

आणि सुपारी चघळत बाहेर गेले.

मधुकररावांनी बंदी मोडून आत जाऊन साडीच्या काठाचा तुकडा भांड्याशेजारी धरला. तुकडा निळा-हिरवा झळाळत होता. भांडं पालकाचं होतं. लग्नाच्या वर्षापासून साचलेला प्रलंबित राग त्यांच्या उजव्या हातात उतरला. त्यांनी बाटली उचलली, हलवली, कारण त्यांनी शिकलेलं वाया घालवलं नव्हतं, आणि तळापर्यंत भांड्यात ओतली. रंग क्षणात फिरला. पालक गेला, पऱ्हे गेले, आणि अस्सल मोराची मान भांड्यात उतरली. काठाचा तुकडा बाजूला धरला तर कोणता कपडा आणि कोणतं चॉकलेट हे सांगता येऊ नये.

गुंजन परत आली तेव्हा बाटली रिकामी होती.

यावेळी ती बोलली. "हे जिभेवर उतरन, बाबा. दातावर उतरन. लोकं काय म्हनतील? एकोडीवाले काय म्हनतील? माही खोली गेली," ती म्हणाली, आणि तिनं ट्रे ओट्यावर ठेवला, तो अगदी हळू. नवं चॉकलेट आणायला वेळ नव्हता, नवा रंग तर त्याहून नव्हता. तिनं रडत रडत साचे भरले. मधुकरराव उंबरठ्यावर बसून राहिले. पहिल्यांदाच त्यांना कोणाचा राग आलेला नव्हता, आणि रागाशिवाय वेळ कसा काढायचा हे त्यांना माहीत नव्हतं.

साक्षगंधाच्या दिवशी सभागृहात रांगोळी, माइक, आणि फळांनी भरलेली ताटं. एकोडीचे पाहुणे आले. पाटावर बसवून गुंजनला साडी दिली, कुंकू लागलं, अंगठ्या झाल्या. चॉकलेटचे डबे आतल्या खोलीत ठेवले होते, त्या खोलीची किल्ली भैय्यालालकडे. कारण व्यवस्था त्यांची. तिथे ते मधूनमधून जात, दार लावून घेत आणि रुमालानं तोंड पुसत बाहेर येत. सुपारी थुंकायला जात असतील, असंच सगळ्यांना वाटलं.

आता डबे फिरायचे होते. पण त्याआधीच भैय्यालाल पाहुण्यांच्या रांगेतून फिरले. वाकून वाकून प्रत्येकाच्या कानाशी काहीतरी सांगत होते, तोंडावर रुमाल धरून. मधुकररावांपर्यंत त्याचा शेवट पोचला: रंग बाजारातला आहे, केमिकल आहे, लेकराबाळांनी तर हातच लावू नये. डबे रांगेतून फिरले आणि जसेच्या तसे परत आले. मोरपंखी चॉकलेटं कागदाच्या वाट्यांत चमकत होती आणि कोणी त्यांना शिवत नव्हतं. पाटावर बसलेल्या गुंजनची नजर खाली गेली. भूपेंद्रनं एक उचललं, तर त्याच्या काकानं त्याचा हात धरला.

मधुकरराव उठले. आज काही ना काही होणार होतं. साडभाऊ असो की आणखी कोणी असो, आज त्याच्या तोंडावर सांगायचं. पण तोवर भैय्यालालनीच माइक हातात घेतला होता. जोडणी करणाऱ्यानं दोन शब्द बोलायचे, ही आपल्याकडची रीतच आहे.

"राग नका मानू," भैय्यालालनी सुरुवात केली, "पन मी खरं बोलनारा मानूस आहे. घरच्या पोट्टीनं हौसेनं केलं, ठीक आहे. पन पाहुण्यांच्या तब्बेतीचा प्रश्न आहे. म्हनून मी स्वतः त्या डब्याले बोटही लावलं नाही. आनि लावनारही नाही."

सगळ्यांच्या नजरा त्यांच्या तोंडावर खिळल्या. कारण भाषण करायचं म्हटलं की माणसाला तोंडावरचा रुमाल काढावा लागतो, आणि तोंड उघडावं लागतं. भैय्यालालची जीभ निळी होती. दात निळे होते. ओठाच्या कडेला, मिशीच्या खाली, एक निळी झालर होती. जाहीर बोलताना ते हात वर करायचे, त्यामुळे अंगठा आणि पहिलं बोट हेही सगळ्यांना दिसलं.

रत्नमालाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला.

"भैय्यालालजी," त्या म्हणाल्या, "जीभ दाखवा."

भैय्यालालनी तोंड मिटलं. माइक अजून हातात होता, त्यातून एक बारीक गिळल्याचा आवाज सभागृहभर गेला.

"न शिवता एवढं झालं," रत्नमालाबाई म्हणाल्या, "तर शिवून पाहूच." त्यांनी समोरच्या डब्यातलं एक चॉकलेट उचललं आणि तोंडात टाकलं. घाई केली नाही. धानाचा दाणा दाताखाली धरून पारखावा तसं ते त्यांनी सावकाश फिरवलं. चंद्रकलाबाईंनी मधुकररावांचा हात धरला होता, तो रागानं की कसा हे कळत नव्हतं.

"रंग जास्त आहे," रत्नमालाबाई म्हणाल्या, आणि त्यांची जीभ दिसली, मोरपंखी. "पन हात चांगला आहे. रंग कमी करता येते. हात कुठून आनाल? येशीन तवा मागच्या खोलीची किल्ली घेऊन जाय, गुंजन."

मग डबे पुन्हा फिरले, आणि परत आले ते रिकामे. भूपेंद्रचे काका दोन्ही हातांनी खाऊ लागले. भैय्यालाल मागच्या दारानं कधी गेले ते कोणी पाहिलं नाही. किल्ली मात्र ते टेबलावर ठेवून गेले होते. फोटोग्राफर वैतागला. त्यानं सगळ्यांना हसायला सांगितलं आणि लगेच हसू नका म्हणाला. त्यामुळे त्या साक्षगंधाच्या फोटोत दोन्हीकडचे सोयरे ओठ घट्ट मिटून असे बसलेले आहेत की एखाद्याला वाटावं, हे सोयरीक मोडायला आले होते.

संध्याकाळी घरी आल्यावर मधुकररावांनी हिशेब केला. प्रलंबित राग निकाली निघाला होता, आणि तोही माइकवर, सर्वांसमक्ष. गुंजन आतल्या खोलीत एकोडीच्या मागच्या खोलीत फ्रिज कुठे ठेवायचा हे फोनवर ठरवत होती. सगळं बरोबर होतं. तरी काहीतरी सुटलं होतं, अर्जात तारीख सुटावी तसं. मग त्यांच्या लक्षात आलं. मुलीचा बाप म्हणून ते सगळ्यांना वाढत फिरले. पाहुणे जेवले, वाजंत्रीवाले जेवले, भैय्यालालनी तर सर्वांच्या आधी खाल्लं. आपल्याला एक चॉकलेट कोणी विचारलं नाही. ज्यानं बाजारात खेटे घातले, ज्यानं निकेशपुढे अर्ज केला, ज्यानं अख्खी बाटली ओतली, त्यालाच नाही.

एक प्रकरण निकाली काढून त्यांनी त्याच जागी दुसरं उघडलं. चांगला ठणठणीत, नवा राग. ते तणतणत स्वयंपाकघरात गेले. रिकामे डबे पाहिले. फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात स्टीलचा डबा होता.

आजूबाजूला कोणी नव्हतं. त्यांनी झाकण काढलं. हिरवा लपका घट्ट झाला होता, तेल आत मुरलं होतं. एक तुकडा तोडून त्यांनी तोंडात टाकला, केवळ संतापापोटी. जवसाच्या चटणीची चव आली, मग तिच्यामागून चॉकलेटची आली, आणि दोघी एकमेकींशी भांडल्या नाहीत. त्यांनी दुसरा तुकडा तोडला. ताटाखाली सकाळची पोळी होती, तिला लावून तिसरा. बरं लागत होतं. याचाही त्यांना राग आला. बरं लागत होतं तर इतके दिवस कोणी सांगितलं का नाही?

खिडकीबाहेर, कुंपणाच्या भिंतीवरून, कुंताबाईंचं डोकं वर आलं.

"भाऊजी, ते माह्या तेलाचं आहे का अजून? खाल्लं का कोनी?"

मधुकररावांनी डबा पाठीमागे धरला.

"कोनी बोटही लावलं नाही," ते म्हणाले.

कुंताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवून त्या नीट उभ्या राहिल्या.

"जीभ दाखवा, भाऊजी."

मधुकररावांनी तोंड मिटलं आणि खिडकी लावून घेतली.